पाणी ओसरलं, धसका का ओसरत नाही?

जून लागला की कोकणात पावसाबरोबर मोबाइलवरचे अलर्टही सुरू होतात. यलो, ऑरेंज, रेड. बहुतेकांना आता त्याची सवय झाली आहे. रेड अलर्ट आला की उद्या शाळेला सुट्टी आहे का, एवढंच पोरं विचारतात. पण काही घरांत त्या एका मेसेजने संध्याकाळ बिघडते. कोणी रेशनकार्ड, पासबुकं आणि घराचे कागद पिशवीत कोंबून माळ्यावर टाकतं. कोणी रात्रभर उठून उठून बॅटरी मारतं आणि गटाराचं पाणी किती चढलं ते बघतं. घरातली माणसं वैतागतात. "झाली की आता इतकी वर्षं, अजून काय ते घेऊन बसलीस?"

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या माड-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरून पहिल्या मजल्याला टेकलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी गाडली गेली. प्रत्येक वेळी पंचनामे झाले. भिंती मोजल्या, भिजलेलं धान्य मोजलं, मेलेली गुरं मोजली. वाचलेल्या माणसाच्या मनाला काय झालं, याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

जिवावर बेतलेला प्रसंग गेल्यावरही तो शरीरात आणि मनात चालूच राहतो, या त्रासाला डॉक्टर पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात पीटीएसडी. प्रसंग पुराचाच असायला हवा असं नाही. महामार्गावरचा अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, समुद्रात उलटलेली होडी, यातल्या कशानेही तो होऊ शकतो. इथे उदाहरणं पुराची घेतो, कारण कोकणात ती समजावून सांगावी लागत नाहीत.

मेंदूत नेमकं काय होतं?

समजा, घराला राखणीचा कुत्रा आहे. एका रात्री अंगणात बिबट्या आला आणि कुत्रा कसाबसा वाचला. त्या दिवसापासून माडाची झावळ पडली तरी तो भुंकून घर डोक्यावर घेतो. कुत्रा बिघडलेला नाही. उलट, तो फार लवकर शिकला आहे. अंधारात आवाज झाला म्हणजे बिबट्या, हा धडा त्याने एका रात्रीत घेतला. त्याला काठी दाखवून, 'गप रे' म्हणून ओरडून काही उपयोग होत नाही.

आपल्या मेंदूत राखणीचं हे काम बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग करतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोका दिसला की विचार करायला वेळ न घालवता तो शरीराला कामाला लावतो. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातापायांकडे रक्त धावतं, पोट आवळतं. पाणी चढत होतं त्या पहाटे याच यंत्रणेने माणसांना म्हाताऱ्या सासूला खांद्यावर घेऊन गच्ची गाठायला लावली. एरवी पाण्याची कळशी उचलताना कंबर धरणारी माणसं होती ती. तेव्हा त्या यंत्रणेशी भांडण असायचं कारण नाही. अडचण एवढीच की धोका टळल्यावरही ती कधीकधी जागीच राहते आणि नुसती झावळ पडली तरी बिबट्या आल्यासारखी वागते.

दुसरी गोष्ट आठवणीची. रोजच्या आठवणींना मेंदू स्थळ-काळाची नोंद लावून ठेवतो. मागच्या गणपतीत मुंबईहून कोण कोण आलं होतं हे आठवताना तुम्हाला पक्कं ठाऊक असतं की ती मागची गोष्ट आहे. जिवावरच्या प्रसंगात मात्र ही नोंद नीट लागत नाही. मग उरतात ते तुकडे: एक वास, एक आवाज, अंगावर आलेला गारठा. पुढे कधी तो वास पुन्हा आला की प्रसंग आठवत नाही, तो पुन्हा घडतो. आत्ता, इथेच.

एक काकू धरून चालू

काकू कल्पनेतल्या आहेत, त्यांच्या तक्रारी मात्र खऱ्या रुग्णांच्या असतात तशाच.

चिपळूणच्या २०२१ च्या पुरात काकू पोटमाळ्यावर होत्या. खाली स्वयंपाकघरात फ्रिज तरंगू लागला आणि पाणी हललं की भिंतीवर आपटायचा. ठक. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा ठक. अंधारात पाणी किती चढलं ते दिसत नव्हतं, पण तो आवाज आधी खालून येत होता आणि नंतर पायाजवळून येऊ लागला. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल आणि त्याला डिझेलचा वास.

आता कोणी दारावर टकटक केलं की काकूंचे हात गार पडतात. दार उघडायला जाताना पाय उचलत नाही. गल्लीत जनरेटर सुरू झाला, डिझेलचा वास आला, की त्यांना मळमळतं. त्यांना स्वतःलाही कळत नाही असं का होतं. पूर आठवतोय असं त्यांच्या मनातही नसतं, शरीर तेवढं दचकतं. रात्री स्वप्नात पाणी येतं. हा झाला लक्षणांचा पहिला गट: नको असताना प्रसंग परत परत येणं. २२ जुलै जवळ आला की तो वाढतो, कॅलेंडरकडे पाहिलं नसलं तरी. हवा, उजेड, बेडकांचा आवाज, एवढ्यावरूनही शरीराला दिवस कळतात.

दुसरा गट टाळण्याचा. काकू आता बाजारपुलाकडून जात नाहीत, लांबच्या रस्त्याने जातात. पुराचा विषय निघाला की उठून आत जातात. टीव्हीवर पावसाची बातमी लागली की चॅनल बदलतात. वरवर पाहता हे शहाणपणाचंच वाटतं. खरी मेख इथेच आहे, पण तिच्याकडे नंतर येऊ.

तिसरा गट लोकांच्या लक्षात येत नाही, कारण तो स्वभाव बदलल्यासारखा दिसतो. कशात मन रमत नाही. गणपतीला दहा माणसांचं करणारी बाई उकडीचे मोदक विकत आणा म्हणते. आपल्या माणसांतही परकं वाटतं. आणि अपराधीपणा: शेजारच्या आजींना मी हाक का मारली नाही, मी आधी का नाही उठले. वाचलेल्यांना वाचल्याचीच लाज वाटते, आणि ती सहसा कोणाला सांगितली जात नाही.

चौथा म्हणजे सतत सावध राहणं. झोप तुटक, आवाजाला दचकणं, लक्ष न लागणं, आणि संताप. पुरुषांत पुष्कळदा फक्त हा संतापच बाहेर दिसतो आणि त्याच्या जोडीला दारू. घरातले म्हणतात, पुरानंतर बाबा पिऊ लागले. झोप यावी म्हणून पीत असतील हे कोणी विचारत नाही. लहान मुलं तर बोलतच नाहीत, खेळतात. भातुकलीत पुन्हा पुन्हा पूर येतो, बाहुल्या बुडतात. किंवा आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करू लागतो. त्याला रागावून भागत नाही.

मग पुरातले सगळेच आजारी का?

अजिबात नाही. पहिले काही दिवस, काही आठवडे जवळजवळ प्रत्येकाला यातलं काही ना काही होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. त्रास महिन्याभराहून जास्त टिकला आणि त्याने कामात, घरात, झोपेत अडथळा आणला, तरच पीटीएसडीचा विचार करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के माणसांना आयुष्यात कधी ना कधी असा भयंकर प्रसंग भोगावा लागतो, आणि जगाच्या लोकसंख्येपैकी पीटीएसडी कधी ना कधी झालेली माणसं आहेत सुमारे ३.९ टक्के.

कोणाला होईल हे हिमतीवर ठरत नाही. जीव जायची वेळ किती जवळ आली होती, जवळचं माणूस डोळ्यांसमोर गेलं का, आधी आयुष्यात असंच काही भोगलं होतं का, यावर ते अवलंबून असतं. आणि प्रसंगानंतर काय घडलं यावरही पुष्कळ. ज्याच्या घरी दुसऱ्या दिवशी भावकी फावडी घेऊन चिखल उपसायला आली तो, आणि जो नुकसानभरपाईच्या फायलीमागे वर्षभर तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहिला तो, या दोघांचा पूर एकच नव्हता. हे वाक्य वैद्यकीय पुस्तकात या शब्दांत सापडणार नाही, पण आघातानंतर मिळणारा आधार आणि चालू राहणारी ओढाताण या दोन्हींचा परिणाम होतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे.

"आमच्या जुन्या लोकांना नाही झालं कधी असलं काही"

झालं होतं. नाव नव्हतं. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथरायचे, काहींची वाचा बसायची. तोफगोळ्यांच्या धक्क्याने झालं म्हणून त्याला 'शेल शॉक' म्हटलं गेलं, आणि कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे. आपल्याकडे प्रत्येक वाडीत एखादा आजोबा असायचा, जो वादळात होडी गेल्यापासून खाडीच्या पलीकडे कधी गेला नाही. त्याने धसका घेतलाय म्हणायचे आणि गप्प बसायचे.

गप्प बसायचे किंवा देवळात जायचे. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, अंगारा लावला, तर त्याला हसायचं मला कारण दिसत नाही. चार माणसं आपल्यासाठी एकत्र येऊन उभी राहतात, याने माणसाला धीर येतो. पण बाहेरची बाधा म्हणून कोणी मारझोड करत असेल, उपाशी ठेवत असेल, किंवा डॉक्टरची गोळी बंद करा म्हणत असेल, तर तिथून माणसाला उठवून आणायचं.

टाळण्याने काय बिघडतं?

आता ती मेख. काकू बाजारपुलाकडे जात नाहीत. पूल लांबून दिसला, छाती धडधडली, काकू मागे फिरल्या, धडधड थांबली. केवढा आराम! पण मेंदू या आरामातून शिकतो: मागे फिरले म्हणून वाचले. म्हणजे पूल धोक्याचाच होता. पुढच्या वेळी पूल दिसायच्याही आधी, वळणावरच छाती धडधडते. मग ते वळण सुटतं, मग बाजार, मग घराबाहेर पडणंच.

त्या कुत्र्याला प्रत्येक आवाजाला उचलून घरात घेतलं, तर बाहेर नुसती झावळ पडली होती हे त्याला कधीच कळणार नाही. तो अंगणात राहिला पाहिजे. झावळ पडली, तो भुंकला, बिबट्या काही आला नाही, हे पुष्कळ वेळा घडलं पाहिजे. जुना धडा पुसला जात नाही, त्याच्या शेजारी नवा धडा तयार होतो. म्हणून बरं झालेल्या माणसालाही एखाद्या जुलैत धस्स होतं. त्याचा अर्थ सगळं मुसळ केरात गेलं असा होत नाही.

याचा अर्थ काकूंना दंडाला धरून पुलावर नेऊन उभं करायचं असाही नाही. घरातली उत्साही मंडळी हे करून बघतात आणि काकू आणखी घाबरतात. पायरीपायरीने, काकूंच्या मर्जीने आणि आधी सांगून करायचं. आधी पुलाचा फोटो. मग रिक्षातून. मग कोरड्या दिवशी सोबतीने पायी, आणि धडधड थोडी उतरेपर्यंत तिथेच थांबायचं.

"बोलून जुन्या जखमा कशाला उकरायच्या?"

या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. दुर्घटनेनंतर दोन दिवसांत माणसांना गोळा करून 'मनातलं सगळं बाहेर काढा' म्हणत सविस्तर वदवून घेण्याची एक पद्धत पूर्वी होती. तिने पीटीएसडी टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांत दिसलं आणि आता ती सुचवली जात नाही. मग ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसासमोर माइक धरून 'तुम्हाला कसं वाटतंय?' विचारण्याने काय होत असेल, ते ज्याचं त्याने ठरवावं. पहिल्या दिवसांत माणसाला हवं असतं कोरडं अंथरूण, गरम चहा, घरच्यांचा ठावठिकाणा, आणि तो बोलला तर ऐकणारं कोणी. नाही बोलला तरी शेजारी बसणारं.

उपचारातलं बोलणं वेगळं. ते महिन्यांनी, वर्षांनी होतं, प्रशिक्षित माणसासमोर आणि रुग्णाला पेलेल एवढंच. दोन पद्धतींवर भरपूर काम झालं आहे. एकीत प्रसंगाची आठवण आणि टाळलेल्या जागा यांना टप्प्याटप्प्याने सामोरं जातात आणि 'माझ्यामुळेच झालं' यासारख्या विचारांची उलटतपासणी घेतात. दुसरीत आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हालत्या बोटांमागे डोळे फिरवायचे असतात. हिचं नाव ईएमडीआर. ऐकायला विचित्र वाटते, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन्ही सुचवल्या आहेत. साधारण ८ ते १५ बैठका लागतात, काहींना जास्त.

गोळ्याही आहेत. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या इथेही उपयोगी पडतात. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही. मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेच्या गोळ्यांचं उलट आहे. मेडिकलवाल्याकडून मागून आणलेली झोपेची गोळी त्या रात्रीपुरती झोपवते, मूळ दुखणं तसंच ठेवते, आणि तिची सवय लागते. दारूचंही तेच.

"पण भीती खोटी कुठे आहे? पूर पुन्हा येऊ शकतो की"

सगळ्यात रास्त प्रश्न हाच. परदेशातल्या पुस्तकांत 'आता तुम्ही सुरक्षित आहात' हे वाक्य वारंवार येतं. वाशिष्ठीच्या काठी, दरडीच्या खालच्या वाडीत, ते तसंच्या तसं कसं म्हणणार? पाऊस दर वर्षी येतो, डोंगर तिथेच आहे.

म्हणून कोकणात उपचाराचं उद्दिष्ट भीती शून्य करणं हे असूच शकत नाही. तयारी आणि धसका वेगळे करता आले की पुष्कळ झालं. तयारी संपते. कागदांची पिशवी भरली, २०२१ ला पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर केली, कोणाच्या गच्चीवर जायचं ते ठरलं, आजींना कोण उचलणार ते ठरलं, फोन चार्ज केला. झालं, आता जेवायचं. धसका संपत नाही. तो पुन्हा पिशवी तपासायला लावतो, पुन्हा गटार बघायला लावतो, दर पाच मिनिटांनी ग्रुपवर आलेले कुठल्या तरी जुन्या पुराचे व्हिडिओ बघायला लावतो. यावर साधा उपाय म्हणजे पाण्याची पातळी बघायच्या वेळा ठरवून घेणं, रात्री घरात पाळी लावणं आणि नगरपरिषदेच्या किंवा तहसीलच्या सूचनेशिवाय दुसऱ्या कशावर विश्वास न ठेवणं. आज आपली पाळी नाही हे माहीत असलं की काकूंना डोळा लागण्याची शक्यता बरीच वाढते.

दरडीखालच्या वाडीचं पुनर्वसन रखडलं असेल, तर मात्र तिथल्या माणसाची अर्धी झोप उपचाराने येईल, उरलेली अर्धी सरकारने द्यायची आहे.

झटका येतो तेव्हा

टकटक झाली, हात गार पडले. अशा वेळी काकूंनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, फरशीचा गारवा जाणवू द्यायचा. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. मग आजूबाजूच्या वस्तूंची नावं घ्यायची: मिक्सर, कोयता, सोलं, नातीचं दप्तर. आजचा वार आणि साल मोठ्याने म्हणायचं. हसू येईल, पण याने मेंदूला कळतं की हे २०२१ नाही. हा उपचार नाही, तेवढी वेळ निभावण्याची युक्ती आहे.

घरच्यांनी 'विसर आता' म्हणू नये. विसरता आलं असतं तर त्यांनी कधीच विसरलं असतं. झोपलेल्या माणसाला हलवून उठवू नये, लांबून नावाने हाक मारावी. दार वाजवण्याऐवजी 'काकू, मी आलोय हो' म्हणावं. एवढ्यानेही फरक पडतो.

जायचं कुठे?

१४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि तिथेही बाह्यरुग्ण म्हणून दाखवून संध्याकाळच्या एसटीने घरी येता येतं. 'याला रत्नागिरीला पाठवा' ही थट्टा आपण इतकी वर्षं केली की खरी गरज असलेला माणूस तिथल्या फाटकाशी जाऊन परत फिरतो. मरावंसं वाटतं, जगून काय करू, असं कोणी म्हणत असेल तर मात्र ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

बहुतेक माणसं आधी जातात ती गावच्या डॉक्टरकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि सांगतात: धडधडतं, झोप नाही, पोटात ढवळतं. ईसीजी नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी मिळते, महिन्याने पुन्हा तेच. रांगेत पन्नास माणसं असताना डॉक्टर स्वतःहून पुराचं विचारणार नाही. ते तुम्हीच सांगायचं: हे सगळं कधीपासून होतंय, आणि त्या दिवशी तुम्ही कुठे होता.